एसीचा सत्कार

आमच्या गावात जे येतं त्याचा सत्कार होतो. ते माणूसच असावं अशी अट नाही. नवीन ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा त्याला हार, नारळ आणि फेटा झाला. फेटा लांब बांबूने बसवला, कारण आमच्याकडे भावना कितीही दाटून आल्या तरी माणसं तारेपासून चार हात लांबच राहतात. तलाठ्याची बदली झाली, त्याचा सत्कार झाला. बदली रद्द झाली, पुन्हा झाला. त्या माणसाकडे आता इतके नारळ साठलेत की तो सातबारा मागायला गेलं तर आधी खोबरं देतो.

त्यामुळे फेब्रुवारीत आमच्या घरी खिडकीत बसवायचा एसी आला, तेव्हा त्याचा सत्कार होणार हे ठरलेलंच होतं.

एसी आणला आमच्या आण्णांनी, म्हणजे गहिनीनाथरावांनी. ते माझे वडील आणि गावचे माजी सरपंच. एसी आणण्यामागे उकाडा नव्हता, पंचायत समिती होती. आमच्या भागातली सगळी तिकिटं विजयसिंह दादांच्या हातात असतात, आणि दादांचा एक नियम तालुक्याला पाठ आहे: ज्याच्या घरी एसी नाही तिथे ते उभ्याउभ्या चहा घेतात आणि जातात. एसी असला की बसतात. आण्णांचा हिशोब सरळ होता. दादा बसले की बोलता येतं, आणि बोललं की तिकीट मिळतं.

आता यंदा आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला होता. पण आण्णांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. तिकीट माझ्या मायच्या नावावर, बाकी सगळं आण्णांच्या. आमच्याकडे ट्रॅक्टरही मायच्या नावावर आहे. तिने अजून त्याच्या सीटला हात लावलेला नाही.

तर सत्कार. खिडकीच्या एसीची अडचण अशी, की तो अर्धा घरात असतो आणि अर्धा गल्लीत. तोंड आत, पाठ बाहेर. आणि गाव जमलं होतं गल्लीत. तेव्हा पाठीचा सत्कार झाला. जाळीला हळदी-कुंकू लागलं, नारळ लाल फडक्यात बांधून लटकवला, शाळेच्या गुरुजींनी दोन शब्द बोलतो म्हणून पाव तास घेतला. शेवटी आण्णांनी कपाटातून ती शाल काढली. ती शाल म्हणजे साधी शाल नव्हे. वडवणीच्या मेळाव्यात खुद्द दादांनी आपल्या हाताने ती आण्णांच्या खांद्यावर टाकली होती. आण्णांनी तेव्हापासून ती धुतली नव्हती.

"दादांची शाल आता आपल्या गारव्याला," आण्णा म्हणाले आणि शाल एसीच्या पाठीवर पांघरली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल समोरच्या शहादेवच्या शेळीच्या अंगावर होती. शहादेव म्हणजे तिकिटासाठी रांगेत उभा असलेला दुसरा माणूस, बायकोच्या नावाने अर्थातच. त्याने शेळीचा फोटो काढून गावभर पाठवला. आण्णांनी दोन दिवस जेवण सोडलं. मग मायने पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेतली, शिडीवर चढली आणि शाल एसीच्या जाळीला पाठीमागून, दोन्ही अंगांनी, वरून-खालून अशी शिवून टाकली की आमचं सोयाबीनसुद्धा कधी इतक्या बंदोबस्तात बाजारात गेलं नाही. त्याखाली आण्णांनी फ्लेक्स लावला. त्यावर दादा, शाल आणि आण्णा, या क्रमाने.

आणि मग एसी बंद करून ठेवला. तो पाहुण्यांसाठी होता. पाहुणा म्हणजे दादा. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खरेदीखताच्या फाईलमध्ये ठेवला. खोलीतला छताचा पंखा मात्र काढून गोठ्यात म्हशीला लावला, कारण एसीच्या खोलीत पंखा दिसला की एसीवर आपला भरवसा नाही असं दिसतं, असं आण्णांचं मत. आम्ही घरची माणसं गच्चीवर झोपायचो. म्हशीचं बरं चाललं होतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पारा त्रेचाळीसवर गेला आणि दादांच्या परमेश्वरचा फोन आला. परमेश्वर हा दादांचा डायरी धरणारा माणूस. "उद्या एक वाजता दादा येतेत," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडं, मंग शहादेवकडं. ज्याचं बरं वाटंल त्याचा अर्ज तिथंच भरायचा."

सकाळी आठ वाजता आण्णांनी आंघोळ करून रिमोटला नमस्कार केला आणि एसी चालू केला. खोली गार व्हायला लागली. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा मिनिटं झाली. आतून 'टक्' असा आवाज आला आणि एसी नुसता कोमट फुंकर मारत बसला.

"अंगद्या! कावून बंद पडला रं?"

मी या घरातला अधिकृत इंजिनिअर आहे. बीडला डिप्लोमाची तीन वर्षं पूर्ण केली आहेत, फक्त पास व्हायचं तेवढं राहिलं आहे. मी येईपर्यंत आण्णांनी एसी अकरा वेळा बंद-चालू केला होता. मी त्यांच्या हातातून रिमोट घेतला. एसी बंद केला की निदान तीन मिनिटं थांबायचं असतं, कॉम्प्रेसरला दम खाऊ द्यायचा असतो, हे त्यांना समजावलं.

"त्याला दम खायला येळ हाय, आपल्याला न्हाई," आण्णा म्हणाले.

मी पुढची जाळी उचलून फिल्टर ओढून काढला. तीन महिने एसी बंद होता, पण धूळ काही सुट्टीवर नव्हती. फिल्टरवर इतकी माती होती की पाऊस झाला असता तर बाजरी उगवली असती. फिल्टर नळाखाली धुतला, सावलीत वाळवला, परत बसवला. एसी चालू केला. सहा मिनिटं. टक्.

मग स्टॅबिलायझर पाहिला. व्होल्टेज आमच्या मानाने बरं होतं, म्हणजे बल्ब पिवळा नसून पांढरा दिसत होता. खिडकीच्या चौकटीच्या फटीतून गारवा जात असेल म्हणून स्पंज कोंबला. पाणी बाहेर गळावं म्हणून एसी मागच्या बाजूला थोडा कललेला हवा, तोही ताटलीत पाणी ठेवून तपासला. कललेला होता. सगळं बरोबर होतं. सहा मिनिटं. टक्.

मी संगमेशला फोन केला. संगमेश हा वडवणीच्या ईश्वरप्पा शेठचा मुलगा आणि माझा वर्गमित्र. एसी त्यांच्याच दुकानातला. तो कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि खिशात टेस्टर घेऊन मोटारसायकलवर आला. आत येऊन दोन मिनिटं आवाज ऐकला. मग बाहेर गल्लीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी बाहेर जाऊन बघतो तर हा एसीच्या पाठीसमोर हात जोडून उभा.

"आंग्या," तो म्हणाला, "हे काय हाय बे?"

"सत्कार."

"तीन वर्षं कॉलेजात काय करत व्हतास बे तू?"

"शेवटच्या बाकावर बसत होतो. तुझ्याशेजारी."

तो दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी समजावू लागला. "आरं, एसी थंडी बनवत न्हाई. घरातली गरमी उचलतो आन ह्या पाठीकून बाहेर फेकतो. त्याला मोकळी हवा लागते. तुमी त्रेचाळीस डिग्रीत त्याला लोकरीची शाल घातली, वरून शिवली. तुझ्या आण्णाला असं शिवून उन्हात बसव, सहा मिनिटं टिकले तर दुकान तुझ्या नावावर करतो. मशीन तापली की आतला कट-आउट पडतो. पंधरा-वीस मिनिटं निवली की परत चालू, परत सहा मिनिटं."

"म्हणजे?"

"म्हणजे कात्री आण."

मी कात्री आणली. आण्णा कात्रीच्या पुढे आडवे झाले.

"डोकं ठिकाणावर हाय का? दादांची गाडी ह्याच गल्लीतून येणार. फ्लेक्सवर शाल, आन एसी उघडा? आन तो बघ."

समोर शहादेव ओट्यावर खाट टाकून बसला होता. मोबाईल आमच्या एसीकडे रोखलेला.

"तो सकाळपस्नं बसलाय," आण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "एक टाका उसवला की फोटो. 'गहिनीनाथनं दादांची शाल उतरवली.' संपलो मी."

"काका, शाल ऱ्हायली तर एसी चालत न्हाई," संगमेश म्हणाला.

"आन शाल गेली तर तिकीट ऱ्हात न्हाई."

"मंग शालीला मधोमध एक गोल पाडू. खिडकीसारखं."

"दादांच्या शालीला भोक?" आण्णांचा आवाज असा फुटला की शहादेवने मोबाईल बदलून चांगल्या कॅमेऱ्याचा घेतला.

संगमेशने टेस्टर खिशात घातला. "काका, आमची वॉरंटी मशीनची असती. इज्जतीची न्हाई," असं म्हणून त्याने गाडीला किक मारली.

आण्णांनी शालीचे टाके एकेक करून चाचपले. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. सरपंच असताना ग्रामसभा न घेता इतिवृत्त लिहायचे, तेव्हा यायचं तेच.

"सहा मिनिटं तर चालतो ना?"

"हो."

"बास की. आता बंद ठेव, निवू दे. दादांचं पाऊल उंबऱ्यावर पडलं की बटन दाब. सहा मिनिटात मी तिकीट मागतो."

बेत वाईट नव्हता. त्यात एकच चूक होती. आम्ही ज्या गावात राहतो ते गाव त्यात धरलं नव्हतं.

दादा दीडला आले. बरोबर वीस माणसं. आमची बैठकीची खोली दहा बाय बारा. सगळे आत शिरले, आणि गारवा जाऊ नये म्हणून आण्णांनी दार लावून घेतलं. मी मोबाईलवर घड्याळ लावून रिमोट दाबला.

"वा!" दादा एसीखाली बसत म्हणाले. "गहिनीनाथराव, महाबळेश्वर केलंय तुमी. आन शाल बघितली बरं का बाहेर. मन भरून आलं."

पहिलं मिनिट. आण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजी उठले. "सर्वप्रथम दादांचा सत्कार."

आण्णांचा चेहरा पांढरा पडला. सत्काराला नाही म्हणायचं, तेही पाहुण्याच्या, हे आमच्याकडे अजून कुणी केलेलं नाही. फेटा बांधायला सुरुवात झाली. फेटा नऊ मीटरचा होता आणि बांधणारा कलाकार. दुसरं मिनिट आणि तिसरं मिनिट दादांच्या डोक्याभोवती गुंडाळलं गेलं. चौथ्यात हार, नारळ आणि नवी शाल. पाचव्यात गुरुजी, "दादांची ओळख करून देण्याची गरज नाही," असं म्हणून ओळख करून देऊ लागले. मी मागून आण्णांना पाच बोटं दाखवली. आण्णांनी गुरुजींच्या सदऱ्याला धरून त्यांना खाली ओढलं.

"दादा, आपला इषय असा हाय की—"

टक्.

वीस माणसं, एक बंद दार, पंखा म्हशीकडे. पहिल्या दोन मिनिटांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या मिनिटाला दादांच्या फेट्याखालून घामाची एक धार निघाली आणि कानामागून शालीत शिरली. त्यांनी फेट्याला हात लावला. पण सत्काराचा फेटा यजमानांसमोर काढायचा नसतो. हात खाली आला.

"गहिनीनाथराव, इषय बोला पटकन."

आण्णांनी दोन तासांची तयारी केली होती. "दादा, निजामाच्या काळापासून आमचं घराणं—"

"आत्ताचं बोला हो."

"तिकीट."

"दिलं."

वीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. लिंबागणेशच्या एका इच्छुकाकडे दादा साडेतीन तास गारव्यात बसले होते आणि "बघू" म्हणून उठले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं ते एवढंच, आणि माझं योगदान एसी बंद पडू देण्याचं होतं.

"अर्ज काढ," दादा परमेश्वरला म्हणाले. परमेश्वरने चार पानी अर्ज काढला. आण्णांनी पेन उघडला.

"तुमची न्हाई वो, वहिनींची सही लागंल," परमेश्वर म्हणाला.

माय स्वयंपाकघरात होती. चाळीस माणसांच्या पुऱ्या, एक गॅस, एक चूल आणि पश्चिमेची खिडकी. सकाळी सहापासून. तिला बोलावलं. ती पदराने तोंड पुसत आली, दारात थांबली आणि म्हणाली, "आगं माय! लई गार हाय हितं."

दादांनी तिच्याकडे माणूस देवाकडे बघतो तसं बघितलं.

"सही कर हितं," आण्णा म्हणाले.

माय खाली बसली. त्या खोलीत तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "कशाचा कागद हाय?"

"पंचायत समितीचा, वहिनी," परमेश्वर म्हणाला. "तुमी उभ्या ऱ्हाताव."

"मी? मला तर कुणी इचारलं न्हाई."

"आगं घरातलाच इषय हाय," आण्णा म्हणाले.

"घरातलाच हाय तर एवढी माणसं कावून आणली?"

दादा पुढे सरकले. हनुवटीवरून थेंब अर्जावर पडला. "वहिनी, करा सही. लई उकडतंय."

"बसा की दादा. जेवल्याबिगर का जायचंय? मी वाचून घेते."

माय सातवी शिकलेली आहे. ती बोट ठेवून वाचते, आणि एकही अक्षर सोडत नाही. तिने नाव वाचलं. पत्ता वाचला. पिन कोड वाचला, आणि तो बरोबर आहे का ते गुरुजींना विचारलं. दोन कार्यकर्ते दाराकडे सरकले, पण दाराला तिसरा टेकून बसला होता आणि त्याला बहुतेक घेरी आली होती.

"व्यवसाय, गृहिणी," मायने वाचलं. "हे कुणी लिवलं?"

"मी," आण्णा म्हणाले.

"मंग खुरपायला कोण जातं? तुमचा गुरुजी जातो का? शेती लिवा."

"शेती लिही!" दादा ओरडले. परमेश्वरने खोडून लिहिलं.

पान दुसरं. "मोबाईल नंबर. हा तर ह्यांचा हाय."

"तुला कशाला लोकांची कटकट," आण्णा म्हणाले.

"उभी मी ऱ्हाणार आन फोन तुमी उचलणार?"

"वहिनींचा नंबर टाक," दादा म्हणाले. त्यांचा आवाज आता विहिरीतून आल्यासारखा येत होता. परमेश्वरने विचारलं, मायने दहा आकडे सांगितले. सावकाश, एकेक. मग तिने परत वाचून दाखवायला लावले.

"दादा, एक इचारू?"

"इचारा, वहिनी, काय बी इचारा."

"मीटिंगला कोण जायाचं?"

आण्णा उठायला लागले. दादांनी त्यांना हाताने खाली बसवलं. "तुमी. तुमीच जायाचं."

"आन हे?"

दादांनी आण्णांकडे बघितलं. फेट्याचा रंग उतरून त्यांच्या कपाळावर दोन गुलाबी ओघळ आले होते. "हे घरी."

"दादा!" आण्णा म्हणाले.

"गहिनीनाथराव, तुमी गप बसा. माझा जीव चाललाय."

मायने पान उलटलं. खोलीतून एक सामुदायिक हुंदका आला. अजून दोन पानं होती. खरं सांगतो, तिला घाई नव्हती याचं कारण डाव नव्हता. ती खरंच निवांत बसली होती. सकाळपासून तिला बसायला मिळालेली पहिली जागा होती ती, आणि तिच्या मानाने बरीच गार.

शेवटच्या पानावर तिने पेन हातात घेतला आणि थांबली.

"आन ही मशीन," ती एसीकडे बघून म्हणाली. "तीन महिने झालं हितं गपगार बसलीय. मला चुलीपाशी लावून द्या."

"स्वयंपाकघरात एसी?" आण्णा उसळले. "लोक काय म्हणतील?"

"लावा!" दादा म्हणाले. "आजच लावा! शब्द हाय माझा!"

मायने सही केली. गीताबाई गहिनीनाथ, पुढे आडनाव, शेवटी टिंब. टिंब दोनदा दिलं.

दादा उठले, घेरी आलेल्या कार्यकर्त्याला ओलांडून दार उघडलं आणि गल्लीत त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. "काय गार वारं हाय हो तुमच्या गावाला," ते म्हणाले. शहादेव ओट्यावरून हार घेऊन धावत आला. त्याच्या हातात घडी घातलेला फेटा दिसताच दादा गाडीत बसले, आणि पुऱ्या तशाच राहिल्या.

घेरी आलेल्याला उचलून बाकीचेही बाहेर पडले, माय आत गेली, आणि खोलीत मी आणि आण्णा उरलो. तेवढ्यात एसी निवला असावा. घर्र करून चालू झाला आणि मस्त गार हवा सोडू लागला. आण्णा त्याच्यासमोर उभे राहिले.

"अंगद, आपल्याला तिकीट मिळालं ना?"

"मिळालं."

"मंग मला मिळाल्यासारखं का वाटंना रं?"

मी मोबाईलवर घड्याळ लावलं. मला सहा मिनिटं मोजायची होती. तेवढ्यात मायचा फोन वाजला. तिचा. तिने स्वयंपाकघरातून उचलला, "हां, बोला, मीच बोलते," म्हणाली, आणि मग फोनवर हात ठेवून आतून ओरडली, "आवं, रिकामेच हाव ना? कात्री घ्या, शिडी घ्या, आन चुलीपाशीच्या खिडकीचं माप काढा."

आण्णांनी दाराकडे बघितलं. दादा निघून गेले होते. शहादेव मात्र अजून ओट्यावर होता, मोबाईल हातात धरून. आण्णा बाहेर गेले, शिडी लावली आणि त्याच्याकडे पाठ करून पहिला टाका उसवला.